सोलापूर स्टेशनवर गाड्या बघायच्या म्हणजे नेमकं काय बघायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, सुट्टी लागल्यापासून रोज स्टेशनवर जायचा हट्ट धरतो, तिथे तासभर इंजिनांचे नंबर वहीत उतरवत बसतो आणि घरात सगळे त्याला वेड्यात काढतात. यात खरंच काही असतं का, कुठे उभं राहावं, पोलीस हटकतील का, महागडा कॅमेरा घ्यावा लागेल का, हे तुमचे प्रश्न. मी रेल्वेत कधीच नव्हतो, जन्म बँकेत गेला. पण हे खूळ गेली छत्तीस वर्षं मलाही आहे, आणि सध्या माझी एकेचाळिसावी वही चालू आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

कॅमेऱ्याचं आधी संपवतो. नको. निदान पहिलं वर्षभर तरी नको. हातात कॅमेरा आला की पोरं गाडी बघायची सोडून चौकट बघायला लागतात, आणि घरी आल्यावर इंजिनाचा नंबरसुद्धा फोटो मोठा करून शोधतात. वही, बॉलपेन आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ, एवढं पुरतं. तुमच्या मुलाने वहीपासून सुरुवात केलीय म्हणजे तो बरोबर वाटेवर आहे.

फक्त नुसते नंबर लिहून चालत नाही. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं आणि त्या वह्या आज बघितल्या की हळहळ वाटते. पानंच्या पानं आकडे, पण ते इंजिन कोणत्या गाडीला होतं, किती वाजता आलं, मागे डबे किती, काही पत्ता नाही. त्याला ओळ अशी आखायला सांगा: तारीख, गाडीचा नंबर, यायची ठरलेली वेळ, आलेली वेळ, इंजिनाचा नंबर आणि शेड (इंजिनाची देखभाल होते ते त्याचं घर), डब्यांची संख्या, शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा, सगळी गंमत तिथे साठते. आणि रोज वेगवेगळ्या वेळी जाण्यापेक्षा रोज एकाच वेळी, एकाच जागी जायला सांगा. रोजची गाडी रोज बघितली तरच एखाद्या दिवशी तिच्यात काय वेगळं आहे ते कळतं. पंधरा दिवस सारख्या ओळी लिहून सोळाव्या दिवशी हात थबकतो ना, त्यासाठी हे सगळं.

सोलापुरात ती वेळ पहाटेची. पावणेसहा ते सव्वासात. मुंबईची वंदे भारत सहाच्या सुमारास सुटते, पुण्याची हुतात्मा साडेसहाच्या आसपास, आणि मुंबईहून रात्री निघालेली सिद्धेश्वर त्याच दरम्यान येते. रात्री दहानंतर हाच खेळ उलटा चालतो: हुतात्मा परतते, वंदे भारत येते, सिद्धेश्वर निघायच्या तयारीत असते. पण नववीतल्या पोराला सकाळच बरी, आणि मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात दुपारी फलाटाच्या टोकाला उभं राहायचं धाडस मीसुद्धा करत नाही. वेळापत्रक बदलत राहतं, सुट्टीचे वारही असतात, म्हणून आदल्या रात्री मोबाईलवर तपासून मगच गजर लावायचा.

या तीन गाड्या शेजारी शेजारी बघायला मिळणं मोठं शिक्षण आहे. सिद्धेश्वर म्हणजे इंजिन आणि मागे डबे, अशी जुन्या घडणीची गाडी. शेवटच्या स्टेशनवर आली की इंजिन सोडवायचं, बाजूच्या रुळावरून फिरवून आणायचं, नाहीतर दुसरं इंजिन येऊन डबे ओढून न्यायचं. हे शंटिंग बघताना पोराला उभं राहू द्या, घाई करू नका. कपलिंग, म्हणजे इंजिन आणि डबा जोडणारा सांधा, सुटतं तेव्हा हवेच्या नळीतून फुस्स असा आवाज येतो, तो ब्रेकच्या नळीतल्या दाबाचा. दाब आहे तोवर ब्रेक मोकळे, दाब गेला की ब्रेक आवळले जातात. म्हणजे नळी तुटली तर गाडी सुसाट न जाता आपोआप थांबते. शाळेत विज्ञानाच्या तासाला हे कुणी इतकं सोपं करून सांगत नाही. वंदे भारतला वेगळं इंजिनच नाही. मोटारी डब्यांखाली वाटून दिलेल्या असतात आणि चालकाची केबिन दोन्ही टोकांना. म्हणून ती सकाळी कसलंही शंटिंग न करता निघते. १० फेब्रुवारी २०२३ ला ही मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. साडेचारशे किलोमीटरच्या वर अंतर, साधारण साडेसहा तासांत. पहिल्या दिवशी स्टेशनवर जत्रा होती, मला वहीत जेमतेम एक ओळ लिहिता आली.

आणि हुतात्माचं नाव कुणावरून पडलं, ते त्याला माहीत आहे का विचारा. रोज तिने पुण्याला जाणाऱ्यांनाही बऱ्याचदा सांगता येत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, हे सोलापूरचे चार जण. १९३० च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या नावाची गाडी रोज पुण्यालाच जाते.

आता नंबर वाचायचे कसे ते सांगतो. गाडीचा नंबर २०१० च्या डिसेंबरपासून पाच आकडी झाला. शून्याने सुरू झाला तर स्पेशल, १ किंवा २ ने सुरू झाला तर लांब पल्ल्याची, ५ असेल तर पॅसेंजर, ६ असेल तर मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी. हुतात्मा १२१५७ आणि १२१५८: दुसरा आकडा २ म्हणजे सुपरफास्ट. उद्यान एक्सप्रेस ११३०१: दुसरा १ मध्य रेल्वेचा. गोलघुमट १६५३५: तिचा सोळा आकडा सांगतो की गाडी दक्षिणेच्या घरची. महिनाभरात त्याला नंबरवरून गाडीचं माहेर ओळखता येईल.

इंजिनावर लिहिलेली अक्षरंही अशीच फोडायची. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी (प्रत्यावर्ती) विजेवरचं, डी म्हणजे डिझेल, मग पी प्रवासी, जी माल, एम दोन्हींसाठी. शेवटचा आकडा जातीचा. सध्या आपल्याकडे प्रवासी गाड्यांना बहुतेक डब्ल्यूएपी-७ असतं, ६,३५० अश्वशक्तीचं, नंबर बहुधा ३० ने सुरू होणारा. मालगाडीला डब्ल्यूएजी-९, त्याचे नंबर ३१ पासून पुढे. कधी नशीब असेल तर दोन भाग जोडलेलं, १२,००० अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-१२ दिसेल, बिहारमधल्या मधेपुऱ्याचं, नंबर ६० ने सुरू होतो. नंबराशेजारी शेडचं नाव असतं आणि खरी मजा त्या नावात आहे. अजनी, कल्याण, भुसावळ ही आपली माणसं. लालागुडा आणि काजीपेट तेलंगणातली, कृष्णराजपुरम बंगळूरचं, रोयापुरम आणि इरोड तमिळनाडूतली. एका सकाळी एवढी गावं बघायला मिळतात, कारण मुंबई–चेन्नई रस्ता इथून जातो, आणि पलीकडे होटगीला त्याला दोन फाटे फुटतात: एक वाडीकडे, दुसरा विजयपूर–गदगकडे. दिल्लीहून बंगळूरला जाणारी कर्नाटक एक्सप्रेससुद्धा मनमाड, अहिल्यानगर करत दौंडला आपल्या मार्गावर येते आणि सोलापूरवरून जाते. फलाटावर उभं राहिलं की एका कानाला कानडी, दुसऱ्या कानाला तेलुगू ऐकू येतं ते उगाच नाही.

दोन बारकावे सांगतो, पोरगं खूश होईल. विजेच्या इंजिनावर वायरला टेकणारे दोन दांडे असतात, त्यांना पेंटोग्राफ म्हणतात. चालताना सहसा मागचाच वर असतो. पुढचा वर ठेवला आणि मोडला, तर तुकडे मागच्यावर आदळून दोन्ही जायचे. दुसरा बारकावा कानाचा. पूर्वी नव्या लाल डब्यांच्या गाडीच्या टोकाला जनरेटरचा डबा भणभणत असायचा, त्याच्याजवळ उभं राहून बोलता यायचं नाही. आता बऱ्याच गाड्यांत डब्यांना लागणारी वीज इंजिनातूनच, म्हणजे वरच्या वायरीतून मिळते, आणि तो डबा गप्प असतो. एखाद्या दिवशी तो सुरू दिसला, तर काहीतरी वेगळं घडलंय. लिहा शेऱ्यात.

माझ्या वयाचे शौकीन म्हणतात की वायर आली आणि मजा गेली. त्यांचं दुःख मला कळतं. पुणे शेडची डिझेल इंजिनं, ११ ने सुरू होणारी डब्ल्यूडीएम-३डी, सुटताना जो काळा लोट सोडायची आणि जो आवाज करायची, तो आवाज मी आजही झोपेत ओळखेन. तेव्हा मुंबईहून आलेल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन पुण्यात बदलायचं, विजेचं काढून डिझेल लावायचं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत आम्हाला त्याच त्याच दोन-तीन शेडची इंजिनं दिसायची. आज मद्रासच्या बाजूचं इंजिन सरळ इथे येतं. मजा गेलेली नाही, फक्त आवाज गेला.

मात्र माझं ऐकाल तर, सोलापुरात बघायची खरी वस्तू मालगाडी आहे. प्रवासी गाडी वेळापत्रकात छापलेली असते, मालगाडी कधी येईल ते कुणी सांगत नाही. पश्चिमेला पाकणीला तेलाचे डेपो, पूर्वेला होटगी–टिकेकरवाडीच्या पट्ट्यात सिमेंट, आणि तिकडेच एनटीपीसीचं वीज केंद्र, ६६० मेगावॅटचे दोन संच. म्हणजे टाक्यांच्या गाड्या, बंद वाघिणींच्या गाड्या आणि कोळशाच्या उघड्या वाघिणींच्या गाड्या, तिन्ही आपल्याकडे. (वाघीण हा शब्द त्याला शिकवा. मालडब्याला इतका देखणा शब्द आहे आणि आपण वॅगन वॅगन करत बसतो.)

कोळशाचा एक रेक, म्हणजे एकत्र जोडलेली अख्खी गाडी, साधारण ५८ वाघिणींचा, मागे गार्डचा डबा. गार्डना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण फलाटावर अजून गार्डसाहेबच. एक वाघीण सुमारे पावणेअकरा मीटर, म्हणजे ५८ वाघिणी ६२० मीटरच्या आसपास. आता घड्याळ काढायचं. पहिली वाघीण समोरच्या खांबाजवळ आली की सुरू, शेवटची गेली की बंद. ५० सेकंद लागले तर सेकंदाला १२.४ मीटर, ३.६ ने गुणलं की ताशी ४५ किलोमीटर. पुढे हाच हिशेब वाढवता येतो. एका रेकमध्ये पावणेचार हजार टनांच्या आसपास कोळसा धरा. १,३२० मेगावॅटचं केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायला दिवसाला असे किती रेक लागतील? माझ्या हिशेबाने पाचाच्या जवळपास. त्याला एका युनिटला किती कोळसा लागतो ते शोधून स्वतः काढू द्या, माझं उत्तर सांगू नका.

आता वाघिणीचा नंबर. अकरा आकडी असतो आणि इंजिनाच्या नंबरापेक्षा मला तोच जास्त आवडतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन कोणत्या रेल्वेची (०१ म्हणजे मध्य रेल्वे), पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडे तिचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा आकडा तपासणीचा. हा शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून निघतो. उदाहरणार्थ ३१०११२०४५६ घ्या. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा मिळवा: १, १, २, ४, ६ म्हणजे १४. तिपटीने ४२. राहिलेले मिळवा: ३, ०, १, ०, ५ म्हणजे ९. एकूण ५१. पुढची दहाची पूर्ण संख्या ६०, ती गाठायला ९ कमी. म्हणून शेवटचा आकडा ९, पूर्ण नंबर ३१०११२०४५६९. बेरीजच शून्यावर संपली तर तपासणीचा आकडा शून्य. याचा उपयोग काय? धावत्या गाडीचा नंबर घाईत लिहिला आणि ३ चा ८ झाला, तर घरी आल्यावर हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हाच्या माझ्या तीन वह्यांत किती चुका असतील, ते मोजायचं धाडस मी केलेलं नाही.

मालगाडी न थांबता निघाली की फलाटावरचे रेल्वेचे लोक काय करतात तेही बघायला सांगा. हिरवा झेंडा धरून उभा असलेला माणूस नुसता उभा नसतो. त्याची नजर चाकांवर असते: कुठे धूर येतोय का, ब्रेकचा भाग लोंबकळतोय का, दार उघडं आहे का. कान चाकांच्या आवाजावर. चाक एका बाजूने घासून सपाट झालं असेल तर टक, टक, टक असा ठोका वेगाबरोबर धावत जातो. मी असा ठोका ऐकून अस्वस्थ होतो आणि बघतो तर झेंडेवाला माझ्या आधीच आत सांगायला वळलेला असतो. ऑगस्ट २०२० मध्ये तर बंगळूरजवळच्या नेलमंगलाहून थेट आपल्या बाळे स्टेशनपर्यंत ट्रकच उघड्या वाघिणींवर चढवून आणायला सुरुवात झाली. अख्खी ट्रकची रांग रुळांवरून येताना बघणं म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही.

घरातले नावं ठेवतात म्हणता, तर त्यांना आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगा. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली, १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडच्या रुळांना मिळाली. ही ब्रॉडगेज, रुळांतलं अंतर १,६७६ मिलिमीटर. गदग–विजापूरकडून होटगीवरून आलेली दुसरी, एक मीटरची. आणि कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने काढलेली तिसरी, अवघी ७६२ मिलिमीटरची: बार्शी लाइट. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. एका जिल्ह्यात तीन रुंदींचे रूळ. मी लहानपणी सोलापूरच्या मीटरगेजच्या बाजूला विजापूरच्या गाडीची वाट बघत बसायचो. डबे बुटके, डोलत येणारे. दोन हजार सालानंतर एकेक करून सगळं ब्रॉडगेज झालं. मीटरगेज असतानाच्या पहिल्या वह्यांत मी काय लिहिलं होतं? इंजिनाचे नंबर. प्रवासी कोण, माल कुठला, गाडी भरली होती की रिकामी, काही नाही. म्हणून शेऱ्याच्या रकान्यासाठी जीव तोडून सांगतोय. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाचं काम चालू आहे. ते सुरू होतंय तोवरच त्याला तिकडे एक चक्कर मारून लिहायला सांगा, आज तिथे काय आहे ते.

आता नियम. इथे मी कडक आहे. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं. रोज काढायचं, ओळखीवर जायचं नाही. पिवळ्या रेषेच्या मागेच उभं राहायचं; न थांबणारी मालगाडी गेली की वारा ओढतो, माझी टोपी एकदा अशीच गेली आणि ती उचलायला मी पुढे झुकलो होतो, आजही आठवलं की घाम फुटतो. फलाटाच्या उतारावरून खाली रुळांकडे उतरायचं नाही. रूळ ओलांडणं गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि दुहेरी मार्गावर एक गाडी बघताना दुसरी पाठीमागून येते ती ऐकू येत नाही. वरच्या वायरीत पंचवीस हजार व्होल्ट असतात. स्पर्श झाला नाही तरी जवळ गेल्यावर वीज झेप घेते. पादचारी पुलावरून काठी, छत्री, सेल्फी स्टिक काही बाहेर काढायचं नाही. लहान मुलांच्या बाबतीत माझी अट अशी की पहिला महिनाभर मोठं माणूस सोबत हवं.

पोलीस हटकतात का? वहीला कुणी हटकत नाही. मोबाईलवर हौसेने एखादा फोटो काढला तर सहसा कुणी बोलत नाही, पण तिपाई लावून, धंद्यासाठी चित्रीकरण करायचं असेल तर रीतसर परवानगी लागते. ड्युटीवरचा जवान नको म्हणाला की वाद न घालता मोबाईल खिशात. मला एकदा दुसऱ्या एका मोठ्या स्टेशनवर पाऊण तास बसवून ठेवलं होतं. शेवटी साहेबांनी वही उघडली, दहा मिनिटं चाळली, आणि मलाच विचारलं, "अहो, ती अमुक गाडी परवा किती लेट होती?" मी सांगितलं. चहा आला.

जागेचं म्हणाल तर सुरुवातीला मुंबईकडचं किंवा होटगीकडचं कुठलंही एक टोक निवडा आणि तेच धरून राहा. सिग्नल दिसेल आणि इंजिनाचा नंबर सावलीत जाणार नाही अशी जागा. पुलावरून डबे मोजायला सोपं जातं, पण नंबर वाचता येत नाहीत. पुढे एखाद्या रविवारी कुर्डुवाडीला न्या, तिथे पंढरपूर–मिरजेचा आणि लातूरचा फाटा मिळतो, आषाढीत तर स्पेशल गाड्यांची रांग असते. डबा बांधून न्या, शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिवसभर टिकते.

त्याला एक कामही देतो. परवा सकाळी सातच्या सुमारास कोळशाची रिकामी गाडी गेली, तिच्यातल्या एका वाघिणीचा शेवटचा आकडा गंजाने खाल्लेला होता. मी वाचले ते दहा आकडे असे: २२०११४३०७५. अकरावा कोणता ते मला कळवायला सांगा, आणि ती वाघीण कोणत्या साली बांधली तेही.